गेट काढून ठेवले ते दिवस: बेलापूरच्या मुलांचा स्की-शर्यतीचा एक हंगाम

नवी मुंबईत बेलापूरला पारसिक हिलवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ही मुलं ठाऊक आहेत. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, पायात इनलाईन स्केट्स, आणि उतारावर मांडलेल्या रबरी शंकूंमधून नागमोडी खाली येणं. दहा-बारा जण, सहावीपासून दहावीपर्यंतचे. त्यातले काही रोलर स्केटिंगच्या स्पर्धाही खेळतात, पण हा सराव त्यासाठी नसतो. या मुलांना बर्फावर, अल्पाइन स्कीच्या शर्यतीत उतरायचं असतं.

मी या गटाची व्यवस्था बघतो. तिकिटं, मुक्काम, भाड्याचं सामान, पालकांच्या बैठका, आणि शिबिरात उताराच्या पायथ्याशी उभं राहून वेळ घेणं. शिकवण्याचं काम ताईंचं. मुलं त्यांना ताईच म्हणतात. २०२३-२४ चा हंगाम इथे सविस्तर मांडतोय, कारण बर्फापासून दीड-दोन हजार किलोमीटर लांब राहून या खेळाची तयारी करणाऱ्या कुणालाही याच अडचणी येणार आहेत. त्या हिवाळ्यात जे बघितलं त्यावरून माझं मत पक्कं झालं: बर्फाचे दिवस मोजकेच मिळणार असतील, तर त्यातले पहिले दिवस गेटवर, म्हणजे शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या खांबांमधून उतरण्यावर, खर्च करू नयेत. शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे पटवणं अवघड असतं. पालकांना त्याहून अवघड.

तयारी कशी होती

पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले की चाकं सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. जून ते सप्टेंबर उतारावर शेवाळ असतं, त्यामुळे स्केट्स बंद. त्या काळात ताई मुलांकडून मल्लखांब, दोरीच्या उड्या आणि जिना चढण्याचा व्यायाम करून घेतात. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबणं हा मुलांचा सगळ्यांत नावडता प्रकार, आणि सगळ्यांत उपयोगी. स्कीवर मांड्या आधी थकतात, मग वळणं बिघडतात, मग माणूस पडतो.

गटातली दोन मुलं या प्रकरणात महत्त्वाची आहेत. एक बेलापूरच्या सीबीडी भागात राहणारा नववीतला मुलगा. पारसिकच्या उतारावर त्याच्याइतक्या वेगाने कुणी येत नाही. शंकूला जवळजवळ चाटून जातो, वळणात शरीर इतकं आत कलतं की बघणारा श्वास रोखतो. दुसरी दिवाळे गावातली आठवीतली मुलगी. वडील खाडीत होडी घेऊन जातात, आई बाजारात मासळी विकते. ती मुळात शाळेच्या खो-खो संघातली. मोठ्या चुलत भावाच्या मागे लागून इकडे आली. चाकांवर ती बेताची. वेळा कायम मधल्या क्रमांकाच्या.

वाचकांसाठी खेळाबद्दल थोडक्यात. अल्पाइन शर्यतीचे मुख्य प्रकार चार: स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल. स्लॅलममध्ये गेट जवळजवळ असतात, वळणं छोटी आणि झटपट. लाल-निळे खांब आळीपाळीने लावलेले असतात. खांब बुडाशी बिजागरीवर असतो, त्यामुळे खेळाडू त्याला नडगीने किंवा हाताने आडवं करत जातो. दोन फेऱ्या होतात, दोन्हींच्या वेळांची बेरीज होते. एका फेरीत गेट चुकलं की दुसऱ्या फेरीतल्या वेगाला काही अर्थ उरत नाही. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, पण तो वेळ मिळायला आधी खाली पोचावं लागतं. आमच्या मुलांसाठी सगळं घोडं इथेच अडतं.

जानेवारी कोरडा गेला

शिबिर गुलमर्गला ठरलं होतं, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. या काळात पडलेला बर्फ टिकतो, थरावर थर बसतात, आणि शर्यतीला लागणारा घट्ट पाया तयार होतो. आमचं नियोजन त्यावर बेतलेलं होतं आणि कागदावर ते योग्यच होतं.

त्या वर्षी डिसेंबर जवळपास कोरडा गेला. जानेवारीही तसाच उगवला. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ दुबळे होते, आणि २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गचे उतार तपकिरी गवताचे दिसत होते. ते फोटो देशभर फिरले. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटातही फिरले, दिवसातून कितीतरी वेळा.

बैठक नेरूळला एका पालकांच्या घरी झाली. काहींचं म्हणणं, तिकिटं काढली आहेत, सुट्टी मंजूर आहे, जाऊया. गंडोल्याने, म्हणजे केबल कारने, वर गेलं की अफरवट शिखराकडे बर्फ मिळेलच. गंडोल्याचा दुसरा टप्पा जवळपास ३,९८० मीटरपर्यंत नेतो हे खरं. पण तिथला उतार शिकाऊ मुलांसाठी नाही, आणि समुद्रसपाटीवरून निघालेल्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या उंचीवर सरावाला उभं करणं ताईंना मंजूर नव्हतं. त्यांनी तिथेच सांगून टाकलं, "दगडांवर स्की घालून मी मुलांचे गुडघे नाही घालवणार."

मग प्रश्न आला प्रमाणपत्राचा. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ठरावीक पातळीवरच्या स्पर्धांसाठी क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. गटातली तीन मुलं दहावीत होती. त्यांच्या घरच्यांनी या हंगामाकडे बऱ्याच अंशी त्या गुणांसाठी पाहिलं होतं, आणि त्यात मला गैर वाटत नाही. मूल रोज पहाटे पाचला उठतं, घरचे पैसे भरतात, त्याचं काही कागदावर दिसावं असं वाटणारच. पण शिबिर फेब्रुवारीत ढकललं तर दहावीच्या मुलांना येता येणार नव्हतं. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा फेब्रुवारीत, लेखी परीक्षा १ मार्चपासून.

शेवटी शिबिर पुढे ढकललं. दहावीतली तिघं गळाली. एका आईचे शब्द अजून कानात आहेत: "तुम्ही बाकीच्यांचा विचार केलात, आमच्या मुलाचं वर्ष गेलं ते गेलंच." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. गुलमर्गला बर्फ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पासुद्धा पुढे ढकलून २१ ते २५ फेब्रुवारीला घ्यावा लागला. जानेवारीत गेलो असतो तर मुलं गवतावर फोटो काढून परतली असती.

पहिले दिवस: चाकांनी काय शिकवलं होतं

गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गच्या पुढे गाडीच्या टायरला साखळ्या लावल्या, तेव्हापासूनच मुलांना वाटत होतं की शर्यत सुरू झाली. ती गेटची वाट बघत होती. आमच्याबरोबर स्थानिक प्रशिक्षक होते, तंगमर्गकडचे, लहानपणापासून याच उतारांवर वाढलेले. मुलं त्यांना उस्ताद म्हणू लागली. पहिल्या सकाळी त्यांनी मुलांना नुसतं खाली यायला सांगितलं आणि बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलांच्या आग्रहाखातर खालच्या उतारावर छोटा कोर्स लावला.

नववीतला मुलगा सर्वांत आधी सुटला. पहिली दोन गेट अप्रतिम. तिसऱ्याला वेग वाढला, चौथ्याला तो उशिरा पोचला, पाचव्याच्या बाहेरून जाऊन बर्फात लोळला. पुन्हा वर आला, पुन्हा तेच. चौथं, पाचवं, फार तर सहावं. बाकीच्या चाकपटूंचं थोड्याफार फरकाने असंच. दिवाळ्याची मुलगी मात्र हळू, स्की थोड्या आडव्या करत, सगळी गेट घेऊन खाली आली. वेळ अगदी सामान्य. पण ती खाली आली.

हे का झालं ते समजून घेणं हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

चाक डांबराला धरून असतं. स्केट जिकडे कलवाल तिकडे वळतो, आडवा घसरत नाही. सराईत स्केटर चाकंही आडवी घासू शकतात, पण गाड्या येणाऱ्या-जाणाऱ्या रस्त्यावर मुलांना ते शिकवणं धोक्याचं. त्यामुळे आमच्या मुलांना वेग कमी करायचा एकच मार्ग माहीत होता: वळण आणखी ओढून चढाच्या दिशेला न्यायचं. पारसिकच्या बेताच्या उतारावर ते चालून जातं. बर्फावर, त्याहून कितीतरी जास्त उतारावर, दोन गेटमधल्या अंतरात तेवढं ओढलेलं वळण मावतच नाही.

स्कीची गोष्ट वेगळी. स्की एजवर, म्हणजे कडेच्या धातूच्या धारेवर, धरते, सपाट केली की सुटते, आणि या दोन्हींच्या मधे घासत घासत वेग खाते. हा मधला प्रकार म्हणजे आडवं घसरणं, साइड-स्लिप. चांगला शर्यतपटू वळणाच्या सुरुवातीला स्की जराशी घासू देतो, दिशा मिळाली की एज लावतो. आमच्या मुलांकडे फक्त धरणं होतं, सोडणं नव्हतं. शिवाय चाकांवर वजन दोन्ही पायांवर वाटलेलं चालतं. स्कीवर ते वळणाच्या बाहेरच्या पायावर हवं आणि नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली हवी. नववीतला मुलगा वळणात आत कलायचा तो डांबरावर शोभून दिसायचा. बर्फावर त्याच कलण्याने बाहेरची स्की हलकी व्हायची आणि पाय खालून निघून जायचा.

त्या मुलीला हे अर्धंअधिक आधीच येत होतं, आणि माझ्या मते त्याचं कारण खो-खो. पळणारा खेळाडू बसलेल्या आठ जणांच्या रांगेतून साखळी खेळतो तेव्हा गुडघ्यात वाकून, दर दोन-तीन पावलांना दिशा बदलत जातो. प्रत्येक बदलाला बाहेरच्या पायावर भार घेऊन आधीचा वेग मोडतो आणि मग नवा घेतो. वेग मोडणं हेही कौशल्य आहे, हे त्या मुलीच्या पायांना ठाऊक होतं. चाकांवर तिची हीच सवय तिला मागे ठेवत होती.

गेट काढले

दुसऱ्या संध्याकाळी उस्तादांनी ताईंना सांगितलं, "पहले इनको फिसलना सिखाना पड़ेगा." ताईंनी लगेच होकार दिला. तिसऱ्या सकाळी मुलं उतारावर आली तेव्हा एकही खांब नव्हता.

मग सुरू झालं ते बघायला अतिशय कंटाळवाणं आणि करायला दमवणारं काम. ताजा बर्फ उघड्या जमिनीवर पडलेला, खाली जुना थर नाही. म्हणून आधी सगळ्यांनी ओळीने आडवं उभं राहून, एकेक पाऊल चढत, स्कींनी उतार तुडवायचा. मग त्याच उतारावरून आडवं घसरत यायचं. एज सोडा, घसरा, एज लावा, थांबा. डावी बाजू खाली ठेवून, मग उजवी. मग घसरता घसरता पुढे, मग मागे. सकाळी साडेआठला पृष्ठभाग गोठून काचेसारखा असायचा, तेव्हा एज लावणं अवघड. अकरानंतर ऊन लागून तो भुसभुशीत व्हायचा, तेव्हा एज सोडणं अवघड. फेब्रुवारीतल्या उशिराच्या बर्फाने एका दिवसात दोन धडे दिले, हा त्याचा फायदा म्हणायला हवा.

सामानाचाही प्रश्न होता. भाड्याच्या स्कींच्या एज बोथट, काही ठिकाणी गंज. ताई बेलापूरहून फाईल घेऊन आल्या होत्या. रात्री जेवणं झाली की खोलीबाहेरच्या व्हरांड्यात दोन खुर्च्यांवर स्की उलटी ठेवून त्या एज घासायच्या. मुलांनी एकेक करून नखाची पाठ एजवरून आडवी ओढून बघायची. नखाचा पांढरा कीस निघाला तर एज लागली, नाहीतर पुन्हा फाईल. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, मात्र ताईंनी मुलांच्या हाती दिली नाही. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून ती किती जोराला सुटावी याचा आकडा ठरतो. जास्त ठेवला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. कमी ठेवला तर स्की भर वळणात निघून येते.

नववीतला मुलगा चिडला होता. त्याने दुपारी घरी फोन केला, आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांचा मला आला. "अहो, शर्यतीचं शिबिर आहे ना? मग तीन दिवस झाले, पोरगं आडवं काय घसरतंय? हे तर कुठलाही पर्यटक शिकतो." मी त्यांना दोन व्हिडिओ पाठवले: पाचव्या गेटला पडतानाचा त्यांचा मुलगा, आणि आरिफ खानची एक शर्यत. आरिफ खान त्याच तंगमर्ग परिसरातला. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, चौथ्या वर्षी तो बर्फावर उभा राहिला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला, त्या दिवशी जोरदार बर्फ पडत होता आणि कितीतरी जणांची शर्यत अर्धवट राहिली. स्लॅलममध्ये मात्र त्यालाही पहिली फेरी पूर्ण करता आली नाही. दाराशी बर्फ असलेल्या, युरोपात जाऊन वर्षानुवर्षं शर्यती खेळलेल्या माणसाला खाली पोचणं इतकं कठीण असेल, तर आपल्या मुलांनी आधी पोचायला शिकावं, एवढंच मी त्यांना म्हटलं. त्यांना पटलं असं नाही, पण त्यांनी मुलाला फोन करून ऐकायला सांगितलं.

चारेक दिवसांनी बुटके गेट आले, घोट्याएवढ्या उंचीचे, ज्यांना हात लावायची गरजच नसते. त्यांच्यात मुलं पायांकडे लक्ष देऊ शकतात, अंगावर येणाऱ्या खांबाची भीती नसते. पूर्ण उंचीचे खांब शेवटच्या टप्प्यात, आणि तेही सगळ्यांसाठी नाही. ज्याला गोठलेल्या उतारावर दोन्ही बाजूंनी आडवं घसरत हव्या त्या जागी थांबता येतं, त्यालाच उंच गेट, असा ताईंनी नियम केला. दोन मुलं शेवटपर्यंत त्यात बसली नाहीत. ती रडली. नियम बदलला नाही.

शर्यत

शेवटी दोन फेऱ्यांची सराव-शर्यत घेतली. खरी शर्यत असते तशी. आधी मुलांनी कोर्सच्या कडेने आडवं घसरत उतरून पाहणी करायची, गेट पाठ करायचे, आणि खाली येऊन डोळे मिटून हाताने वळणं दाखवायची. वरून वॉकीटॉकीवर आकडे मोजून एकेकाला सोडायचं.

दिवाळ्याच्या मुलीने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि एकूण वेळेत ती पहिली आली. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या-चौथ्या गेटजवळ आधीच्यांच्या वळणांनी चर पडला होता. ती चरात शिरण्याआधी स्की क्षणभर सपाट करून वरून गेली. कुणी सांगितलं नव्हतं.

नववीतल्या मुलाची पहिली फेरी पूर्ण झाली, आणि ती दिवसातली सर्वांत जलद फेरी होती. दुसऱ्या फेरीत शेवटाकडचं एक गेट निसटलं. जायंट स्लॅलममध्ये असतं तर तिथेच संपलं असतं. स्लॅलममध्ये मागून येणाऱ्याला अडथळा होत नसेल तर परत चढून गेट घेता येतं. तो थांबला, वर बघितलं, आणि आडव्या पावलांनी चढू लागला, उतार तुडवताना रोज चढायचा तसाच. गेटच्या बाहेरून फिरून आला आणि शेवटची रेषा ओलांडली. नाव यादीत सगळ्यांत खाली, पण वेळेसह. खाली येऊन त्याने हेल्मेट काढलं नाही, कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी मात्र ताईंकडे जाऊन विचारलं की पारसिकवर साइड-स्लिपचा सराव कसा करता येईल.

करता येत नाही, हे खरं उत्तर. ताईंनी त्याला खो-खोच्या संघात घातलं. आता गटातली सगळीच मुलं ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा बेलापूरच्या मैदानावर साखळी खेळतात. चाकांवरचे शंकू आहेतच, पण वेळ घेणं कमी केलं. वेळ लावला की मुलं पुन्हा फक्त धरायला लागतात.

पुढच्या वर्षी

२०२५ मध्ये खेलो इंडियाचा गुलमर्गचा टप्पा पुन्हा बर्फाअभावी लांबला. २२ ते २५ फेब्रुवारीला ठरलेल्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला झाल्या. दहावीची लेखी परीक्षा त्या वर्षी २१ फेब्रुवारी ते १७ मार्च. म्हणजे बर्फ आणि बोर्ड आता उघडपणे एकमेकांच्या अंगावर येत आहेत, आणि यात बदल होईल असं मला दिसत नाही. आम्ही नियम केला: दहावीच्या वर्षी शिबिर नाही. मुलगा किंवा मुलगी डिसेंबरपर्यंत सरावाला येईल, पुढचा बर्फ अकरावीत. क्रीडा गुणांसाठी ज्यांना यायचं असेल त्यांनी आठवी-नववीतच खेळाची पातळी गाठायला हवी, हे पहिल्याच बैठकीत सांगतो. यावर दोन कुटुंबं गट सोडून गेली.

तिकिटांचा नियमही बदलला. पैसे ऑक्टोबरमध्ये जमा करतो, पण श्रीनगरची तिकिटं तिथे प्रत्यक्ष बर्फ पडून थर बसल्याची खबर उस्तादांकडून आल्याशिवाय काढत नाही. ऐनवेळची तिकिटं महाग पडतात. हा वाढीव खर्च सगळ्यांनी सारखा उचलायचा, की ज्यांना जड जातं त्यांचा वाटा बाकीच्यांनी घ्यायचा, यावर गेल्या बैठकीत बराच वाद झाला. दिवाळ्याच्या मुलीच्या वडिलांनी आपला वाटा पूर्ण भरणार असं सांगितलं आणि हप्ते मागितले. मी सगळ्यांनाच हप्ते द्यायचा प्रस्ताव ठेवलाय. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय होईल.